एकतीस जणांचं एकच उत्तर

बोरिवलीच्या जेट्टीवर गोराईच्या होडीसाठी रांग लागली होती. सुमनताईंच्या पुढे दोन शिक्षिका उभ्या होत्या. धाकटीच्या हातात खुलासा मागणारा शाळेचा मेमो होता.

“अक्षता, ‘चूक झाली’ लिही आणि मोकळी हो. विज्ञानाच्या तासाला वाचन घेत बसतेस, दोन धडे मागे पडलीस.”

“चूक कसली, प्रेमाताई? लोखंड का गंजतं ते मुलांना पाठ होतं. चाचणीत मी विचारलं, गंजू नये म्हणून काय कराल? एकतीस जणांनी का गंजतं तेच लिहिलं!”

“प्रश्नात ‘गंज’ शब्द दिसला की पाठ केलेलं उत्तर ओतायचं. सगळीकडे असंच चालतं गं.”

“म्हणून तर एकेक परिच्छेद वाचून घेते, आपल्या शब्दांत सांगायला लावते.”

“त्याला मराठीच्या बाई आहेत ना?”

“त्या कविता शिकवतात. विज्ञानाचं पुस्तक वाचायला कुणी शिकवायचं?”

सुमनताईंना चौथीतलं बाष्पीभवनाचं उत्तर अजून तोंडपाठ होतं. प्रश्न मात्र काही केल्या आठवेना.

“तू कंत्राटावर आहेस, बाई. वाट लागेल.”

“जरा वळा, तुमच्या पाठीवर कागद टेकवून खुलासा लिहिते.”

“हां, आता कशी शुद्धीवर आलीस! झालं? वाच बघू.”

“‘मुलांना प्रश्न नीट वाचता येईपर्यंत मी पुढचा धडा सुरू करणार नाही.’ खाली सही.”

“अगं ए! आणि हे माझ्या पाठीवर लिहिलंस?”

“हो. साक्षीदार तुम्हीच. चला, होडी लागली.”