लांडगेतात्यांचा पटका

आदरणीय अध्यक्ष संभाजीराव, व्यासपीठावरील मान्यवर, वडगाव निंबाळकरला बदली होऊन निघालेल्या आपल्या शाळेच्या स्वरूपाबाई, आणि कळसच्या माझ्या बंधुभगिनींनो, या बिरदेवचा सगळ्यांना रामराम.

बाईंचं कौतुक किती करावं? त्यांच्या बाहुल्यांच्या खेळातले लांडगेतात्या तुम्ही पाहिलेत. डोक्याला पटका, हातात काठी, दोन पायांवर ऐटीत चालणार, "काय पाव्हणं, बरं हाय न्हवं?" म्हणणार. पोरांना त्यांचा भारी लळा.

मी एकदा विचारलं, "बाई, पटका बांधला की लांडगा माणूस हुतो व्हय?" बाई हसल्या. म्हणाल्या, "नाही हो आबा, पटका वरवरचा. बोलणंही वरवरचं, पोपटसुद्धा बोलतो. तात्यांनी कोकराला शब्द दिला आणि पोटात भूक असताना पाळला. तिथं ते माणूस झाले."

काय सुंदर बोलल्या! पण मंडळी, मला तेव्हापासून धड झोप नाही.

आम्ही मेंढरं राखलेली माणसं. दिवस मावळल्यावर मेंढरांच्या वाड्यावर कुणी लांडग्याचं नाव घेत नसे. नुसतं 'त्यो' म्हणायचं. नाव घेतलं की नातं जुळतं, आणि नातं जुळलं की माणूस बेसावध होतो.

माझी नात प्रतिक्षा पहिलीत आहे. रोज भाकरी घेऊन माळाकडं जायची. परवा मी तिला गाठलं. म्हणते, "आबा, तात्या खात्यात. आधी लांब हुतं, आता जवळ बसत्यात." ओल्या मातीत त्याचे ठसे होते, शेजारी तिचे. मी म्हणालो, "शब्द दिलाय का त्यानं तुला?" तर म्हणते, "व्हय. मान हलवली की."

हसताय तुम्ही. मला हसू येत नाही, भ्या वाटतंय.

म्हणून बाई, हात जोडून मागणं आहे. जाण्याआधी पोरांना एक गोष्ट सांगा. बिनपटक्याच्या लांडग्याची. चार पायांवरच्या. ज्याला भूक आहे आणि शब्द नाही. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

अध्यक्षांचे, मंडप घालणाऱ्या पोरांचे, सगळ्यांचे आभार. प्रतिक्षा, ये गं पुढं, बाईंजवळ बस. प्रतिक्षा? आत्ता तर पहिल्या रांगेत होती. सूनबाई, तुझ्याजवळ न्हाय का? काय म्हणाली? "तात्यांना बोलवायचं राहिलं"?

मंडळी, चुकल्यामाकल्याची माफी मागायची होती, ती मागनं मागतो. आधी बॅटऱ्या घ्या.