कमलाच्या नावाची जमीन

(सदलग्याबाहेर, दूधगंगेकाठी माती तपासायचं मशीन धडधडतं आहे.)

सुकुमार : बंद कर ते! कुणाला इचारून इथं भोक पाडलंस?

क्षमा : आप्पा, दवाखाना इथं उभा राहणार. मग माती इथलीच बघायला नको?

सुकुमार : ईशान्य कोपऱ्यात बघितलीस न्हवं? उपाध्यांनी पूजा केली तिथं. घट्ट लागली. बास की!

क्षमा : तिथं मुरूम आहे. इथं नदीचं जुनं पात्र होतं. तुम्हीच वाळू टाकून बुजवलंय.

सुकुमार : टाकली! वर पाणी सोडून सोडून बसवली. उसानं भरलेला ट्रॅक्टर जातोय, चाक रुतत न्हाय. बेळगावला इंजिनेर व्हायला तुला कुणी धाडलं गं? मला माती शिकवायला?

क्षमा : तुम्हीच धाडलंत. म्हणून तोंडावर सांगतेय. ट्रॅक्टर नुसता दाबतो, भूकंप हलवतो.

सुकुमार : सदलग्यात भूकंप! कुणी बघितलाय?

क्षमा : कोयना काय लई लांब आहे?

महादेव : मॅडम, रॉड ठोकायचा घण अजून सोडलाच न्हाय. रॉड आपल्याच वजनानं खाली चाललाय.

सुकुमार : तू गप रं महादेवा! मशीन चालवायला आलायस, तेवढंच कर.

क्षमा : त्याच्यावर कशाला ओरडता? खाली पाण्यानं भरलेली भुसभुशीत वाळू आहे. लहानपणी नदीवर तुम्हीच खेळ शिकवलेला. ओल्या वाळूवर पाय थापटत राहायचं. पाणी वर यायचं, पाय आत जायचा. जमीन हादरली की इथं तेच होणार.

सुकुमार : कमलाचं नाव देणार हाय मी ह्या दवाखान्याला. कळा देत देत चिकोडीच्या दवाखान्याच्या वाटंवर गेली ती, माझ्या मांडीवर. तुझी काकू! आणि सख्ख्या भावाची पोर तू, तिचंच काम मोडायला उठलीस? लाज न्हाय वाटत?

क्षमा : इथं बाळंतिणी निजणार, आप्पा. त्यांना उठून पळता येत नाही.

सुकुमार : मशीन बंद कर म्हटलं न्हवं!

महादेव : बंदच हाय, आण्णा. कवाच केलंय.

सुकुमार : ...गोठा उंचावर हाय. खाली मुरूम लागतो. तिकडं ने तुझं मशीन. पण माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय तू. सांगून ठेवतो.

क्षमा : गोठा तुमच्या दारातच आहे, आप्पा.

सुकुमार : ठाऊक हाय मला. थांब, म्हशी सोडतो.