हवा कुठून गळते

दुरुस्तीच्या दुकानात पोस्टमन आपल्या सायकलच्या पंपाची वाट बघत बसला होता. बाकावर शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांनी टोपी काढून तुळतुळीत टक्कल पुसलं, आजींनी आपला पांढरा अंबाडा सावरला. त्यांची बोल्ट मागे ओढून गोळी भरायची एअर रायफल कारागिराच्या टेबलावर होती.

"भरलेली हवा सकाळपर्यंत टिकत नाही हो. यांनीच काहीतरी उद्योग केला असणार."

"मी हातसुद्धा लावला नाही गं."

"शिलाई मशीनचं तेल घातलं असेल. इतक्या दाबाच्या हवेत ते पेट घेतं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली!"

"नाही घातलं."

"मग बोल्ट आपटला असेल."

"बरं बाई, आपटला असेल."

"आजी, आत गोळी नाही ना?" कारागिरानं विचारलं.

"गोळी काढली, हवाही सगळी सोडली. त्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नसतो, एवढं कळतं मला. पण उद्या क्लबात स्पर्धा आहे, आणि यांच्यापायी माझी नेमबाजी बोंबलणार!"

"काही बोंबलत नाही," रायफल उघडून बघत कारागीर म्हणाला. "हवा अडवणारं रबराचं सील धड आहे. सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात दिला की झालं. कुणीतरी उघडून परत बसवलंय, तेव्हा हा सीलखाली अडकला, तिथूनच हवा गळतेय."

त्यानं चिमट्यानं एक लांबलचक पांढरा केस ओढून काढला आणि दिव्यासमोर धरला.

आजी एकदम टेबलावरच्या पोस्टमनच्या पंपाकडे निरखून बघू लागल्या.

"माझाच असेल," आजोबा म्हणाले आणि त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.