सेकंदाला एक मेगाबिट

फोटो स्टुडिओच्या रांगेत माझ्यापुढची बाई काउंटरवरच्या काकांशी बोलत होती.

“हे जहाजावर असतात. तिथं पंधरा एमबीच्या वर काही पोचत नाही, आणि हा व्हिडिओ दोनशेचा.”

“किती मिनिटांचा?”

“दोन. पण कापू नका हं! लेकीच्या कानातलं मशीन आज सुरू झालं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं तिनं.”

“एका बाइटचे आठ बिट; पंधराला आठानं गुणलं, एकशेवीस मेगाबिट झाले. सेकंदही एकशेवीस. म्हणजे सेकंदाला एकाच्या आत बसवायचं.”

“चित्र पुसट होईल?”

“जरासं. आवाजाचा वाटा आधी काढून ठेवतो... हं, चौदा पूर्णांक आठ.”

“अगबाई! अंगावर बेतल्यासारखं बसलं! पाठवते.”

माझे फोटो होईपर्यंत ती तिथंच उभी होती.

“काका, उत्तर आलं! लिहिलंय, ‘ती हाकेला वळली, तेव्हा कप्तानानं टोपी काढली.’”