वालिदियातल्या दोन रात्री

(कासाब्लांका. शुक्रवारची दुपार, कुसकुसचं ताट नुकतंच उचललंय. महजूबा, तिचा नवरा बुशाइब आणि फोनला चिकटलेली लेक इहसान.)

इहसान : आणि यिम्मा, खोली एकदम खाडीसमोर! खिडकी उघडली की पाणीच! दोन रात्री, फक्त तुम्ही दोघं. नातवंडं नाहीत, भांडी नाहीत, काही नाही—

महजूबा : अगं, श्वास घे आधी. गाव कुठलं म्हणालीस?

इहसान : वालिदिया! जुना किल्ला, मिठागरं, ताजी कालवं—

बुशाइब : तिकडचा रस्ता फार खराब आहे.

महजूबा : तेहतीस वर्षं हेच ऐकतेय. अख्खा देश डांबरी झाला, पण ह्याचा वालिदियाचा रस्ता काही सुधरेना!

इहसान : बा, आता नाही म्हणायचं नाही. तो खोलीवाला फक्त निकाहनाम्याचा फोटो मागतोय.

बुशाइब : ह्या वयात? आम्ही काय पळून चाललोय?

इहसान : ओळखपत्रावर तुमची आडनावं वेगळी ना! सगळ्यांनाच मागतात. कुठंय तो?

बुशाइब : हरवला असेल.

महजूबा : हरवतोय कशाला? तुझ्याच पेटीत, सगळ्यात खाली. हा बघ. थांब गं, मीच वाचते.

इहसान : वाच, वाच! मशिदीच्या साक्षरता वर्गात पहिली आलीये आमची यिम्मा!

महजूबा : बारा बायकांत पहिली. गप. "वधू... महजूबा... कुमारिका." हां, बरोबर.

बुशाइब : दे इकडे. अक्षर घाणेरडं आहे, डोळे दुखतील.

महजूबा : चष्मा आहे मला. "वर... बुशाइब... राहणार... वा-लि-दि-या." अगं बाई! मला तर गाव आसफी म्हणून सांगितलं होतंस! "आधी... त... तलाक झालेला."

इहसान : काय? यिम्मा, नीट वाच. चुकली असशील.

महजूबा : मग तू वाच.

इहसान : ...तेच लिहिलंय. बा?

बुशाइब : आठ महिने. आठच महिने टिकलं ते. मिठागरावर कामाला होतो तेव्हा. मी बावीसचा, ती एकोणीसची.

इहसान : या अल्ला! बा, तुमचं आधी लग्न झालं होतं?

महजूबा : तू मध्ये बोलू नकोस. बुशाइब, कुणाकुणाला माहीत होतं हे?

बुशाइब : तुझ्या बाबांना. काझीच्या माणसांनी कागद मोठ्यानं वाचला होता. तू आतल्या खोलीत, बायकांच्या गलक्यात. मी विचारलं, तिला सांगू का? ते म्हणाले, तिला कुठं वाचता येतंय.

महजूबा : माझे बाबा म्हणाले असं?

बुशाइब : हो.

महजूबा : आणि मग आत येऊन माझा अंगठा घेऊन गेले.

इहसान : यिम्मा, खाली बस. पाणी आणू?

महजूबा : नको. बुशाइब, वर्गात माझं नाव तूच घातलंस ना रे?

बुशाइब : मीच.

महजूबा : भीती नाही वाटली?

बुशाइब : वाटायची. तू वही काढलीस की रोज वाटायची.

इहसान : खोलीवाल्याचा परत निरोप आलाय. काय सांगू त्याला?

बुशाइब : रद्द कर.

महजूबा : रद्द कोण म्हणालं? थांब म्हणावं त्याला. माझं अजून ह्या कागदावरचं खालचं वाचायचं राहिलंय.