चावीचा अन् हँडलचा

तुमी मोसंबीसाठी ट्रॅक्टर घ्यायलाव, अन् नवा लहान घ्यावा का जुना, ह्ये मला इचारायला पालमाहून एश्टीनं इतक्या लांब आलाव, तर सांगतो, पर माज्या सांगण्याला शेंडाबुडूक नसतंय, आमची बायको कौसा मनती ह्या माणसाला इहिरीचं इचारलं तर ह्यो नदीपासून सुरू करतो. बसा खाटंवर. चहा यायलाय.

आमी ताडकळसाच्या अलीकडल्या गावचे, गावाचं नाव लिहू नका, आमी बौद्ध, बाप मालकाच्या रानात राबला अन् मीबी तिथंच जनावरं वळायलो. मग मालकानं नांदेडकडून एक जुना ट्रॅक्टर आणला, इलायती, हँडलचा, तेच्यासंगं एक उस्ताद आले होते दाढीवाले, तेनी गावातल्या जवान माणसायला रांगंत उभं केलं अन् मनले, चला, एकेकानं हँडल मारा. आता ते हँडल म्हंजे काय सांगू तुमाला, इंजनाच्या तोंडात घालून गरकन फिरवायचं, अन् इंजनाला पटलं न्हाई की ते उलटं येतंय, जोरात. चार बोटं अन् अंगठा एकाच अंगाला ठेवायचा, मूठ वळायची न्हाई, मूठ वळली की मनगट गेलं. बाकीचे भिऊन मागं सरले, माजं चालू झालं, मी ड्रायवर झालो, दुसरं काई कारण न्हाई. मालकाच्या घरात उंबऱ्याच्या आत मी कवा गेलो न्हाई, पाणी वरूनच वतायचे, पर सीटवर बसलो की मी वर अन् मालक खाली, धोतर धरून चिखलातून संगं चालायलेत. हे मला तवा लय भारी वाटायचं. आता सांगताना काईच वाटत न्हाई.

मग ते नामांतराचं साल आलं. इद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला अन् सगळीकडं पेटलं, तुमाला तर ठावंच हाय, तुमीबी ह्याच मुलखातले. आमाला सांजच्याला कुणीतरी सांगितलं निघा, आमी निघालो, पूर्णेच्या टेशनावर जाऊन बसलो, अंगावरच्या कपड्यानिशी. माघारी आलो तवा बौद्धवाडा जळून गेला होता. कौसानं राखंतून तवा तेवढा काढला, घासला, अन् तिथंच तीन दगडं मांडून भाकरी केल्या. मी खाल्ल्या. माणूस खातंय बगा.

तेच्यानंतर मालकाचा निरोप आला, रब्बीचं रान वखरायचं हाय अन् ट्रॅक्टर चालू होईना, ड्रायवरला धाडा. कौसा मनली कामून जायलाव तेंच्याकडं, लाज न्हाई का. मी मनलो काम हाय. मालकाच्या रानातल्या आखाड्यावर गेलो तर हँडल लिंबाखाली चिखलात पडलेलं. मी ते कवाबी पोत्यात गुंडाळून सीटखाली ठेवायचो, उघडं टाकायचो न्हाई. अन् ओट्यावर मालकाचं पोरगं बसलेलं, त्याला आमी धाकले मालक मनायचो, हाताला बांबूच्या खपच्या बांधलेल्या, मनगट सुजून भोपळा. मी काईच इचारलं न्हाई तरी मालक मनले, बैलानं ढुशी मारली रे. मी मनलो असंल. हँडल उचललं, पुसलं, एका दणक्यात ट्रॅक्टर चालू केला, अन् रान वखरून दिलं.

पुढं मालकाच्याच एका गड्यानं सांगितलं. त्या सांजला दहा-बारा जण ट्रॅक्टर न्यायला आले होते, साखळी बांधून आमची घरं वढून पाडायची मनून. धाकल्या मालकानं हँडल मारलं, मूठ वळून. ट्रॅक्टर चालू झाला न्हाई, मनगट मोडलं. आता तुमी मनसाल त्या लोखंडानं तुमचं रक्षण केलं. तो गडीबी तसंच मनला. पर घरं वाचली कुठं ओ? साखळी न्हाई तर काडी. काडी ओढायला दोन बोटं पुरतात.

तेच्यापुढं लय वरसं मी तिथंच काम केलं. दुसरीकडं कोण ठेवणार, अन् मालकाला तरी दुसरा कोण मिळणार, त्या ट्रॅक्टरला माज्याशिवाय कुणी हात लावायचं न्हाई, तेच्यावरच आमची चूल होती. धाकल्या मालकाचं मनगट वाकडंच बसलं. ते रोजचं डिझेल मोजून द्यायला यायचे, डब्बा डाव्या हातात, अन् मी त्या उजव्या मनगटाकडं बघायचो अन् ते लिंबाकडं. राग होता का मनसाल तर मला सांगता येत न्हाई. काईतरी होतं, पर ते बधिर झालेल्या पायावानी होतं, हाय तर आपलंच, पर चिमटा घेतला तर कळत न्हाई.

मग मालकानं मोसंबी लावली. झाडं मोठी झाली अन् ह्ये जुनं धूड काई मधून जाईना, फांद्या मोडायलंय, धुरानं पानं काळी व्हायलेत. परभणीहून दुकानदारानं लहान ट्रॅक्टर दाखवायला आणला, लाल, नवाकोरा, चावीचा. मी चालवून बघितला. खरं सांगू? झाडाखालून लेकरावानी वळतंय, तेल कमी पितंय, सामान परभणीत मिळतंय, जुन्याचं एखादं चाक झिजलं तर नांदेडच्या भंगारात दिस घालवावा लागायचा. पर पत्रा पातळ, वजन न्हाई, चिबडलेल्या काळ्या रानात नांगर घातला की चाक उगं जागंवर गरगर फिरतंय. बागंपुरता चांगला. निस्ता रानाचा भरवसा मनाल तर न्हाई.

लिंबाखाली मालक बाजंवर, धाकले मालक उभे, दुकानदार उभा. मालक मनले, ड्रायवर, तू सांग, इतकी किंमत मोजावी असा हाय का ह्यो? मला कळत होतं. चावी आली की मी गेलो. चाकं जागंवर फिरतात येवढं जरी सांगितलं असतं तरी मालकानं घेतला नसता, म्हातारा लय चिवट, निमित्तच बघत होता. कौसानं सकाळीच बजावलं होतं, जुनाच बरा मनून सांगा, काम जाईल. मी तेच सांगायचं ठरवून आलतो. तेवढ्यात धाकले मालक पुढं झाले अन् चावी फिरवायला तेनी हात घातला, उजवा, वाकडा, चावी काई धड धरता येईना.

मी मनलो, घ्या मालक. ह्येला मनगट मोडत न्हाई.

येवढंच. अकरा-बारा वरसांत त्या सांजंबद्दल येवढंच बोललो. दुकानदार हसला, तेला काय ठाव. धाकल्या मालकानं हात खिशात घातला. मालक माज्याकडं बघून दुकानदाराला मनले, घेतला.

घरी येऊन कौसाला सांगितलं काम गेलं. का गेलं तेबी सांगितलं. मला वाटलं आता वरडंल. तिनं पदर तोंडाला लावला अन् रडायली, लय रडली, अन् मनली, किती येळ लावलाव ओ. मी बसून ऱ्हायलो. मलाबी रडू यावं असं वाटलं. आलं न्हाई.

जुना ट्रॅक्टर मालकानं मलाच देऊन टाकला, गड्याच्या हाती हँडल धाडून दिलं, पोत्यात गुंडाळून. कामून दिला ते मालक बोलले न्हाई, अन् आता ते ऱ्हायलेबी न्हाईत. त्याच्यावरच चार लोकांची रानं नांगरून आमचं चाललं. औंदा जानेवारीत इद्यापीठाला नाव मिळालं, वाड्यातल्या पोरांनी त्या ट्रॅक्टरलाच निळे झेंडे लावून मिरवणूक काढली, म्हातारे रडायलेत, पेढे वाटायलेत, मी हँडल मारलं अन् सीटवर बसलो.

तर तुमी नवाच घ्या. बागंला तेच बरं, अन् तुमच्या घरात कुणाचं मनगट मोडायला नको. धाकल्या मालकाचंबी थंडीत लय ठणकतंय मनतात, तेलाबी आराम पडो.

मी सकाळी काम नसलं तरी एकदा हँडल मारतो. कवा कवा उलटं येतंय, अंगठा बाजूला असला तरी खांद्यापातुर झणझणतंय. कौसा मनती कामून हात मोडून घ्यायलाव. तिला काय सांगू, ते झणझणणं तेवढंच कळतंय मला.