युद्धापुरत्या मिरच्या

मरणाच्या आदल्या दिवशी स्तानियाच्या वडिलांनी चाळीस किलो लाल ढोबळ्या मिरच्या भाजून आयवार चटणीच्या बरण्या भरल्या. राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर युद्धाचं बोलले, की ते दरवर्षीच्या वीस किलोंचे चाळीस करत. “एवढं खाणार कोण?” म्हणून स्तानिया तेव्हाही चिडली होती.

वर्षाने लेस्कोवात्सच्या बाजारात ती मिरच्यांच्या रांगेत उभी होती. पुढे दोन म्हातारे.

“काल भाषण ऐकलंस? युद्ध टळत नाही, हे तासभर पटवत होता.”

“मला पाच मिनिटांत पटलं. झोपच लागली.”

“किती घेतोस मग?”

“चाळीस. शांततेला वीस पुरतात.”

“गेल्या वर्षीही चाळीस घेतल्यास. कुठे झालं युद्ध?”

“नाही ना झालं? मग!”

“म्हणजे तुझ्या बरण्या बघून सैन्य परत गेलं?”

“माझ्या बायकोला बघून. आलेल्या प्रत्येकाला तिने मिरच्या सोलायला बसवलं असतं.”

“अरे गड्या, आणि या वर्षी खरंच लागलं तर?”

“तर पावाला लावायला काहीतरी असेल. तुझ्याकडे नुसतं भाषण!”

हसत हसत दोघे पोती ओढत निघून गेले.

“बाई, तुम्हाला किती?”

“चाळीस,” स्तानिया म्हणाली. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, “बाबा, सगळ्या बरण्या मीच संपवल्या. फार छान झाली होती चटणी.”